देवाला उद्याचं आजच माहीत असेल, तर मी स्वतंत्र कसा? ऑगस्टीन, स्मृती आणि इच्छा

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. देव सर्वज्ञ आहे, म्हणजे मी उद्या काय करणार हे त्याला आजच ठाऊक आहे. त्याचं ज्ञान चुकत नाही. म्हणजे उद्या मी वेगळं काही करूच शकत नाही. मग माझं पाप माझं कसं? त्याला जोडून दुसरा प्रश्न: चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन 'कन्फेशन्स' या आत्मकथनात स्वतःच्या आयुष्याची हकिगत सांगत असताना दहाव्या भागात एकदम स्मृतीचा विषय का काढतो? आणि शेवटी: हे सगळं आपल्या प्रारब्धासारखंच नाही का?

मध्ययुगीन तत्त्वज्ञान शिकवताना हे तिन्ही प्रश्न मला दरवर्षी येतात, पण सुटे सुटे. इथे ते एकत्र आले हे उत्तम झालं, कारण उत्तरही एकत्रच द्यावं लागतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. देवाच्या पूर्वज्ञानामुळे माणसाचं स्वातंत्र्य जातं, अशी काळजी ऑगस्टीनला फारशी नव्हती. त्याला धास्ती होती ती माणसाच्या स्वतःच्या भूतकाळाची, स्मृतीत मुरलेल्या सवयीची. पाठ्यपुस्तकांत पहिल्या मुद्द्यावर पानंच्या पानं असतात आणि दुसऱ्यावर चार ओळी, म्हणून दहावा भाग वाचणाऱ्याला तुटक वाटतो.

तरी पूर्वज्ञानाचा प्रश्न आधी घेऊ, तो टाळण्यासारखा नाही. ऑगस्टीनने 388 साली रोममध्ये असताना 'दे लिबेरो आर्बित्रियो' हा इच्छास्वातंत्र्यावरचा संवाद लिहायला घेतला. तो पुरा होईपर्यंत सातएक वर्षं गेली आणि तोवर तो आजच्या अल्जीरियातल्या हिप्पो या बंदराच्या शहरात धर्मगुरू झाला होता. संवादातला दुसरा माणूस एव्होडियस, ऑगस्टीनच्याच थागास्ते गावचा. तिसऱ्या भागात तो जवळजवळ तुमच्याच शब्दांत अडतो. ऑगस्टीन त्याला आधी विचारतो, देवाला नेमकं काय माहीत आहे? 'हा माणूस उद्या स्वतःच्या इच्छेने अमुक करील' हेच ना? मग ते ज्ञान खरं ठरायला ती कृती इच्छेनेच झाली पाहिजे. जबरदस्तीने झाली तर देवाचं ज्ञान चुकलं. म्हणजे पूर्वज्ञान स्वातंत्र्य काढून घेत नाही, उलट त्याची हमी देतं.

एव्होडियस इथे मान डोलावतो. वर्गातली मुलं बहुधा डोलावत नाहीत. पण ऑगस्टीनचा पुढचा मुद्दा जास्त जोरकस आहे आणि तो स्मृतीवर उभा आहे. तो म्हणतो, तुला एखादी गोष्ट आठवते म्हणून काही ती घडली नव्हती. तुझ्या आठवणीने भूतकाळावर सक्ती केली नाही. तशीच देवाच्या पूर्वज्ञानाने भविष्यावर सक्ती होत नाही. आणि लगेच पुढे: तू जे केलंस त्यातलं काही तुला आठवतं, पण जे जे आठवतं ते सगळं काही तू केलेलं नसतं. लहानपणी तुम्ही भावाला मारलेलं तुम्हाला आठवतं, वडिलांनी त्याला मारलेलंही आठवतं. आठवण म्हणून दोन्ही सारख्याच पक्क्या, पण पहिली कृती तुमची आणि दुसरी नाही. देव जे स्वतः करतो ते सगळं त्याला आधीपासून माहीत असतं, पण जे जे आधीपासून माहीत असतं ते सगळं काही तो करत नाही. पाप त्याला ठाऊक आहे, म्हणून ते त्याने केलं असं होत नाही.

युक्तिवाद म्हणून हे मला फार आवडतं, कारण जाणणं आणि करवणं यांची गल्लत दोन वाक्यांत सुटते. रोमन वक्ता-तत्त्वज्ञ सिसेरोची अडचण हीच होती. माणसाला स्वतंत्र ठेवायचं म्हणून त्याने भविष्याचं ज्ञानच नाकारलं, आणि पुढे 'सिटी ऑफ गॉड'च्या पाचव्या भागात ऑगस्टीनने त्याला त्यावरून चांगलंच झोडलं.

पण एवढ्याने काम भागत नाही. आठवण घटनेनंतर येते आणि घटनेमुळे येते. पूर्वज्ञान घटनेच्या आधी आहे. ते उद्याच्या घटनेमुळे आलं म्हणाल, तर देवाचं ज्ञान माझ्यावर अवलंबून राहिलं; नाही म्हणाल, तर ते आलं कुठून? शिवाय आणखी एक पेच आहे. 'देवाला काल माहीत होतं' हे आता होऊन गेलेलं आहे. होऊन गेलेलं बदलता येत नाही. मग त्यातून जे निघतं तेही बदलता येणार नाही. पुढची हजारेक वर्षं लोक भांडले ते मुख्यतः या दुसऱ्या पेचावर.

बोएथियस या रोमन विद्वानाने सहाव्या शतकात पूर्वज्ञानाचा प्रश्न पुन्हा हाती घेतला. 510 साली तो कॉन्सल या मानाच्या पदावर होता, 522 मध्ये त्याची दोन्ही मुलं एकाच वेळी कॉन्सल झाली, आणि थोड्याच काळात राजा थिओडोरिकने त्याला देशद्रोहाच्या आरोपावरून कैदेत टाकलं. मृत्युदंडाची वाट पाहत त्याने 'कॉन्सोलेशन ऑफ फिलॉसॉफी' लिहिलं. त्याचं उत्तर असं: देवाच्या बाबतीत 'आधी' हा शब्दच चुकीचा आहे. शाश्वतता म्हणजे न संपणारा लांबलचक काळ नव्हे, तर अमर्याद जीवन एकदमच, पूर्णपणे हाती असणं. तुमचं 'उद्या' देवाला समोर दिसतं, जसं तुम्हाला आत्ता एक माणूस चालताना आणि त्याच वेळी सूर्य उगवताना दिसतो. दोन्ही दिसतात, पण सूर्य उगवणं अटळ आहे आणि माणसाचं चालणं त्याच्या मर्जीचं. तुमच्या बघण्याने त्याच्या चालण्यात अटळपणा येत नाही. तो चालत असेल तर चालतोच आहे, एवढीच काय ती अपरिहार्यता.

थॉमस अ‍ॅक्वायनसने 13व्या शतकात हेच उचललं. रस्त्याने चालणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत. उंचावरून संपूर्ण रस्ता बघणाऱ्याला सगळे एकदम दिसतात, असं तो लिहितो. भूतकाळ बदलत नाही हा आक्षेपही त्याने त्याच ठिकाणी स्वतःच मांडला आहे. पण हे उत्तर सगळ्यांना पटलं नाही. माझ्या मते सर्वांत प्रामाणिक उत्तर इंग्लिश साधू-तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ओकमचं, 1320च्या दशकातलं. तो म्हणतो, काही वाक्यं फक्त बोलण्यात भूतकाळाची असतात, आशय मात्र भविष्याचा असतो. 'मी उद्या बसणार हे देवाला काल माहीत होतं' हे वाक्य उद्याच्या बसण्यावरच टिकून आहे, म्हणून 'होऊन गेलं ते गेलं' हा नियम त्याला लागू नाही. आणि देव भविष्यातल्या अनिश्चित गोष्टी नेमका कसा जाणतो, ते मात्र या जन्मी कोणाही बुद्धीला स्पष्ट सांगता येणार नाही, असं तो सरळ लिहितो. तत्त्वज्ञाकडून इतकी स्पष्ट कबुली क्वचितच मिळते.

भूतकाळाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगतो. ख्रिस्ती विद्वान जेरोमने 384 साली एका पत्रात लिहिलं होतं की देव सर्व काही करू शकतो, पण कौमार्य गेलेल्या मुलीला पुन्हा कुमारी करू शकत नाही. जवळजवळ 700 वर्षांनी माँटे कॅसिनोच्या मठात जेवताना या वाक्यावरून चर्चा जुंपली आणि कार्डिनल पीटर डेमियनने त्यावर लांबलचक पत्र लिहिलं: देवाला 'शकत नाही' म्हणायचं कसं? तो झालेलं न झालेलं करू शकतो असं त्याला खरोखरच म्हणायचं होतं का, यावर आजही एकमत नाही. अ‍ॅक्वायनसने मात्र जेरोमची बाजू घेतली. झालेलं न झालेलं करणं हा विरोधाभास आहे, आणि विरोधाभास करता न येणं ही काही दुर्बलता नव्हे.

आता दहावा भाग. 'कन्फेशन्स'चे 13 भाग साधारण 397 ते 400च्या दरम्यान लिहिले गेले. पहिल्या नऊ भागांत बालपण, चोरलेली नासपती, कार्थेज, मानी पंथातली (चांगलं आणि वाईट अशी दोन तत्त्वं मानणाऱ्या) नऊएक वर्षं, मिलान, 387 मधला बाप्तिस्मा आणि त्याच वर्षी ऑस्टियाला झालेला आई मोनिकाचा मृत्यू. दहाव्या भागात तो म्हणतो, हे झालं मी कसा होतो ते. आता मी कसा आहे ते सांगतो. आणि तिथेच स्मृती येते. कारण 'मी आत्ता कोण' हे बघायला आत वळलं की हाती लागते ती आठवणच.

या भागातलं निरीक्षण विलक्षण बारीक आहे. तो लिहितो, मी अंधारात, गप्प बसलेलो असतो, तरी मनात आणले तर रंग पुढे येतात. पांढरा आणि काळा मी वेगळा ओळखतो. रंगांशी खेळत असताना आवाज मधे घुसत नाहीत, ते बाजूला जणू निराळे ठेवलेले असतात. मग आवाज बोलावले की तेही येतात, जीभ न हलवता मी हवं तेवढं गातो. कसलाही वास न घेता लिलीचा वास आणि व्हायोलेटचा वास वेगळे सांगतो. काही आठवणी हाक मारल्याबरोबर येतात, काहींना शोधावं लागतं, आणि काही 'आम्हीच का त्या?' असं विचारत झुंडीने पुढे येतात. त्यांना हाताने बाजूला सारावं लागतं. परीक्षेत उत्तर आठवताना भलतंच गाणं डोक्यात वाजलेल्या प्रत्येकाला हे पटेल.

मग तो स्वतःलाच कोड्यात टाकतो. मला माझं जुनं दुःख आठवतं, पण आठवताना मी दुःखी नसतो, कधीकधी आनंदी असतो, हे कसं? तो म्हणतो, स्मृती म्हणजे मनाचं पोट असावं: गोड-कडू आत जातं, पण तिथे चव लागत नाही. उपमा हास्यास्पद आहे हे तो स्वतःच कबूल करतो. गणिताचे नियम आठवतात ते तर कुठल्याच इंद्रियातून आलेले नाहीत. आणि 'विसरणं' मला आठवतं म्हणजे काय? विसरणं समोर असेल तर मी विसरायला हवं! या ठिकाणी तो हात टेकतो आणि म्हणतो की मी स्वतःच माझ्यासाठी घाम गाळायला लावणारं रान झालो आहे.

हे सगळं तो मानसशास्त्राच्या हौसेने करत नाही. त्याला देव शोधायचा आहे. सुख सगळ्यांनाच हवं असतं, ज्यांना ते कधी मिळालं नाही त्यांनासुद्धा. पण अजिबात न जाणलेली गोष्ट हवी तरी कशी वाटेल? लूकच्या शुभवर्तमानातल्या बाईचं नाणं हरवतं. तिला ते आठवत नसतं तर सापडल्यावर 'हेच ते' असं ती म्हणालीच नसती. म्हणून सुखाची, आणि म्हणून देवाची, काहीतरी खूण स्मृतीत असलीच पाहिजे. पुढे 'दे त्रिनिताते'मध्ये त्याने स्मृती, समज आणि इच्छा या तिघींत त्रैक्याचं (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा एकाच देवाचं) प्रतिबिंब पाहिलं ते याच वाटेने. त्याच्या हिशेबी इच्छा ही स्मृतीवेगळी नसते. आपण इच्छा करतो ती आठवणीतल्याच कशाची तरी.

बहुतेक वाचक इथे थांबतात. मी म्हणतो, अजून 10 पानं वाचा, कारण खरा विषय पुढे आहे. देव जिथे सापडतो त्याच स्मृतीत जुन्या वासनांच्या प्रतिमाही बसल्या आहेत. ऑगस्टीन तेव्हा बिशप आहे, वयाची चाळिशी उलटलेली, ब्रह्मचर्य पत्करून दहाएक वर्षं झालेली. तो लिहितो की जागेपणी त्या प्रतिमा दुबळ्या असतात, पण झोपेत त्या नुसता आनंदच नव्हे, संमतीही मिळवतात. मग झोपेतला मी, तो मी नव्हे का? बिशपने हे स्वतःविषयी जाहीरपणे लिहिणं त्या काळी साधं नव्हतं.

यामागची यंत्रणा आठव्या भागात येऊन गेलेली आहे, 386 सालच्या मिलानमधल्या घालमेलीत. वाकड्या इच्छेतून वासना झाली, वासनेची चाकरी करता करता सवय झाली, सवयीला अडवलं नाही म्हणून ती अपरिहार्यता झाली. एकात एक कड्या अडकत गेल्या. मन हाताला हुकूम करतं, हात हलतो. मन मनालाच हुकूम करतं, आणि मन ऐकत नाही. ही सक्ती बाहेरून देवाने घातलेली नाही. पहिली कडी स्वेच्छेची होती, म्हणून जबाबदारी टळत नाही. पण आज ती साखळी नुसत्या निश्चयाने तुटत नाही. व्यसनातून बाहेर पडायला धडपडलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि म्हणूनच दहाव्या भागात एक प्रार्थना पुन्हा पुन्हा येते: जे करायला सांगतोस ते करायची शक्ती दे, आणि मग हवं ते सांग. रोममध्ये कोणीतरी हे वाक्य पेलेजियससमोर उच्चारलं आणि तो इतका भडकला की भांडण व्हायचंच बाकी राहिलं. हे ऑगस्टीननेच उतारवयात लिहून ठेवलं आहे. ब्रिटनहून आलेला पेलेजियस कडक शिस्तीचा तपस्वी. त्याचं म्हणणं साधं होतं: देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळण्याची ताकद माणसात आहे, 'तूच दे' म्हणणं ही आळशी माणसाची पळवाट. दोघांमधला फरक माझ्या मते इथेच आहे. पेलेजियसची इच्छा दर सकाळी कोरी असते. ऑगस्टीनच्या इच्छेला आठवणी असतात. 418 साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलेजियसचं मत धिक्कारलं आणि पोप झोसिमसनेही, आधी बरीच चालढकल करून, त्याच वर्षी तोच निर्णय दिला.

ऑगस्टीनचा हा कल पेलेजियसशी वाद होण्याआधीचा आहे, हे मात्र लक्षात ठेवा. 396च्या सुमारास मिलानच्या धर्मगुरू सिम्प्लिसियानसने त्याला पौलाच्या रोमकरांस पत्रातल्या नवव्या अध्यायाविषयी विचारलं: याकोब आणि एसाव हे जुळे भाऊ जन्मलेही नव्हते, त्यांनी बरंवाईट काहीच केलं नव्हतं, तरी देवाने एकाला निवडलं, ते का? उत्तर लिहिताना ऑगस्टीनने माणसाच्या इच्छेची बाजू लढवून पाहिली, 'पण देवाची कृपा जिंकली', असं त्याने नंतर नोंदवलं. कृपा म्हणजे पात्रता न पाहता देवाने दिलेली मदत.

आता प्रारब्ध. साम्य वरवरचं आहे. प्रारब्ध म्हणजे माझ्याच पूर्वकर्माचं फळ; भोग आज अटळ वाटला तरी हिशेब माझाच. ऑगस्टीनच्या पूर्वनियोजनात, म्हणजे कोणाचं तारण व्हायचं हे देवाने आधीच ठरवण्यात, हिशेबच नाही, निवड कर्माच्या आधी होते आणि कारण देवापाशी राहतं. कर्मसिद्धांताच्या जवळ जाणारा विचार ख्रिस्ती परंपरेत होऊन गेला, पण तो अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनचा, तिसऱ्या शतकातला. याच याकोब-एसावच्या कथेवर तो म्हणतो की देव अन्यायी नसेल, तर या जन्माआधीच्या आत्म्याच्या अवस्थेत काहीतरी पात्रता-अपात्रता घडलेली असली पाहिजे. पुनर्जन्माचं चक्र नव्हे, आत्म्याचं पूर्वअस्तित्व. इजिप्तचा राजा फारो याचं मन देवाने कठोर केलं या वचनावरही त्याने स्वातंत्र्य राखलं: एकाच उन्हात मेण वितळतं आणि चिखल कडक होतो. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या काळात पूर्वअस्तित्वाची ही शिकवण पाखंड ठरली. ती गेल्यावर याकोब-एसावच्या प्रश्नाला पाश्चात्त्य चर्चमध्ये ऑगस्टीनचंच उत्तर उरलं, आणि त्याचा जाच नवव्या शतकात दिसला. गॉटशाल्क नावाच्या साधूने निवड दोन्ही बाजूंची, तारणाची आणि शिक्षेचीही, असं उघड सांगितलं; 848 आणि 849 मध्ये त्याला दोषी ठरवून कोंडलं गेलं. ऑगस्टीनची वचनं दोन्ही पक्ष फेकत होते.

स्वातंत्र्य म्हणजे 'दोन्ही करता येणं' हे आपण गृहीत धरतो, त्यामुळेही वाचताना घोटाळा होतो. मठाधिपती अ‍ॅन्सेल्मने 1080च्या दशकात ते गृहीतच उडवलं. देव पाप करू शकत नाही. मग तो आपल्याहून कमी स्वतंत्र का? नाही. म्हणजे पाप करता येणं हा स्वातंत्र्याचा भागच नव्हे. इच्छेचा सरळपणा, सरळपणासाठीच, टिकवून धरण्याची ताकद म्हणजे स्वातंत्र्य. ही व्याख्या घेतली तर कृपा स्वातंत्र्याच्या आड येत नाही, ती हरवलेलं स्वातंत्र्य परत देते. तुम्हाला ही व्याख्या पटलीच पाहिजे असं नाही. मला स्वतःला ती अर्धीच पटते, कारण जबाबदारी ठरवताना 'वेगळं करता आलं असतं का' हा प्रश्न मागच्या दाराने परत येतोच.

तो 426च्या सुमारासच परत आला होता. आजच्या ट्युनिशियातल्या हाद्रुमेटुमच्या मठातले साधू ऑगस्टीनचं एक पत्र वाचून आपसात भांडले आणि त्यांच्यातल्या एकाने सरळ विचारलं: कृपा मिळाली नाही म्हणून मी चुकलो, तर मठाधिपती मला रागावतो कशाला? माझ्यासाठी प्रार्थना करावी आणि गप्प बसावं. सत्तरी ओलांडलेल्या ऑगस्टीनने त्यावर एक अख्खा ग्रंथ लिहून उत्तर दिलं की रागावणं हेच कदाचित कृपेचं साधन असेल; कोण निवडलेला हे मठाधिपतीला माहीत नाही, तेव्हा त्याने सगळ्यांनाच रागवावं.

वाचायचं कुठून हे विचारलं नाहीत तरी सांगतो. आधी 'कन्फेशन्स'चा आठवा भाग, मग दहावा पूर्ण, शेवटच्या मोहांच्या यादीसकट. त्यानंतर 'दे लिबेरो आर्बित्रियो'च्या तिसऱ्या भागाची पहिली चार प्रकरणं आणि बोएथियसचा पाचवा भाग. अ‍ॅक्वायनस त्यानंतरच उघडा. तो आक्षेप आधी मांडतो, त्यामुळे आधीचं वाचलेलं नसेल तर तो कोणाशी बोलतोय तेच कळत नाही.